गॅसवरचा घोडा

मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदा आमच्या घरी आली, तेव्हा व्याह्यांनी पोह्यांची बशी हातात घेत सहज विचारलं, "आपण काय करता?" दिवसभर दुकानात बोलतो तसंच मी बोलून गेलो, "घोडे दुरुस्त करतो."

व्याही साताऱ्याकडचे, शेतकी खात्यातले. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे जनावरांचे डॉक्टर?"

"छे छे. माझे घोडे गॅसवर चालतात."

बशी खाली ठेवली गेली. माझी बायको नलिनी हिने स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे जे पाहिलं, त्याचं वर्णन दिवाळीच्या दिवसांत करू नये. लग्न झालं, दोघं सुखात आहेत. पण व्याही अजूनही फोनवर शेवटी "घोडे बरे आहेत ना?" असं विचारतात आणि त्यांना नेमकं कोणाबद्दल विचारायचं असतं, ते विचारून घ्यायचं धाडस मला होत नाही.

तर खुलासा करतो. पिस्तुलाच्या मागे जो ओढायचा खटका असतो, त्याला मराठीत पहिल्यापासून घोडाच म्हणतात. मुंबईच्या टपोरी बोलीने ते नाव अख्ख्या पिस्तुलाला देऊन टाकलं. आणि माझे घोडे तर खरे पिस्तूलही नव्हेत, पिस्तुलाची हुबेहूब नक्कल. वजन तेच, रंग तोच, खटक्याचा आवाज तोच. आत दारू नसते, गॅस असतो. त्या गॅसच्या जोरावर एक बारीकसा छर्रा पत्र्याच्या डब्यावर जाऊन 'टण्ण' करतो. बस्स. एवढ्यासाठी मोठमोठी माणसं माझ्या दुकानात येऊन लहान होतात.

दुकान नेरूळला, आमच्याच सोसायटीच्या गेटशेजारी. गाळा सोसायटीचा, भाडेकरू मी. पाटीवर 'क्रीडासाहित्य' लिहिलंय. पुढे कॅरमबोर्ड, बॅटी, शाळांच्या बक्षिसांचे कप. आत काचेच्या कपाटात घोडे. आणि त्याच्या मागे पडद्याआड माझं खरं राज्य, म्हणजे एक टेबल, एक दिवा, चिमटे, आणि चिल्लर ठेवायच्या डब्यांतून भरून ठेवलेले वायसर.

इथवर कसा आलो, ते थोडक्यात. तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी हवेवर चालणाऱ्या यंत्रांचा फिटर होतो. पट्ट्यावरून आलेला बिस्किटाचा पुडा खोक्यात ढकलणारा जो दांडा असतो ना, तो हवेच्या जोरावर सरकतो. तो सरकायचा थांबला की "परबला बोलवा." हवा कुठून निसटतेय, हे मी कानाने ओळखायचो. कारखाना बंद झाला, कान राहिला. नलिनी म्हणते, यांना माझं बोलणं शेजारी बसून ऐकू येत नाही, पण कुकरच्या रिंगेतून वाफ गेलेली बाहेरच्या खोलीत ऐकू येते. खरं आहे. बायकोच्या बोलण्याला वायसर नसतो, त्याला मी काय करणार?

आता वस्तू कशी चालते, ते सांगतो, म्हणजे पुढची फजिती समजेल. अंगठ्याएवढी एक लोखंडी कुपी असते, गॅस दाबून भरलेली. आम्ही तिला कॅप्सूल म्हणतो. ती पिस्तुलाच्या मुठीत बसवायची आणि खालचा स्क्रू आवळायचा. आवळला की आतली सुई कॅप्सूलच्या तोंडाला भोक पाडते, 'फुस्स' होतं आणि गॅस झडपेपाशी येऊन उभा राहतो. खटका दाबला की झडप क्षणभर उघडते, गॅस थोडासा निसटतो, छर्रा सुटतो, झडप मिटते. हे सगळं धरून ठेवतो तो रबराचा वायसर. तो खराब झाला की एवढं सोंग आणलेलं पिस्तूल म्हाताऱ्या माणसासारखं नुसतं सुस्कारे टाकतं.

निगा सोपी आहे, म्हणूनच कोणी राखत नाही. काम झालं की उरलेला गॅस सोडून द्या. कॅप्सूल आत तशीच ठेवली तर गॅस रबरात मुरतो आणि वायसर पापडासारखा फुगतो. नवी कॅप्सूल घालताना तिच्या तोंडाशी तेलाचा एक थेंब लावा. गॅस तो थेंब आपोआप आतपर्यंत नेतो. दोनच गोष्टी. पण माणसाला विकत घ्यायचा उत्साह असतो, पुसून ठेवायचा नसतो.

या कमी ताकदीच्या वस्तूला परवाना लागत नाही, पण मी ओळखपत्र पाहिल्याशिवाय देत नाही, आणि कपाट उघडायच्या आधी माझं भाषण ऐकावं लागतं: डोळ्याला लागलं तर डोळा जातो, घराबाहेर पेटीतूनच न्यायचं, रस्त्यात काढलंत तर समोरच्या पोलिसाला ते नकली आहे हे कळायला काही मार्ग नसतो. अर्धी गिऱ्हाइकं इथेच गळतात. त्यांना छर्रा नको असतोच, फोटो हवा असतो. चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर गॉगल लावलेला 'भाई' दिसतो ना, त्याची पहिली पायरी माझ्या दुकानात चढायची असते. "काका, आवाज येतो का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "आवाज हवा असेल तर कॅरमची सोंगटी घे, बाळा," असं म्हणून मी किती भाई उगवण्याआधीच मावळवलेत, त्याबद्दल समाजाने माझा कधी सत्कार केलेला नाही.

पण सगळेच तसे नसतात. शिरवण्याचे जनूशेठ पाटील गावातले जुने आगरी गृहस्थ. चाळीच्या आवारात डब्यावर नेम मारायची त्यांना हौस. पिस्तूल घेतलं, भाषण नीट ऐकलं आणि जाताना विचारलं, "काका, यो गॅस सपला का काय कराचा? आमचे घरान आता पायपाचा गॅस आयलाय. त्याचेवर चालंल का?"

मी म्हटलं, "जनूशेठ, त्याच्यावर चहा चालेल."

"मंग तुमी या चा प्यायाला," ते म्हणाले. तेव्हापासून आमची मैत्री. हे जनूशेठ लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

आता मुख्य गिऱ्हाईक. रणदिवे साहेब. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयातून मोठ्या खुर्चीवरून निवृत्त झाले आणि आमच्या सोसायटीचे बिनविरोध चेअरमन झाले. बिनविरोध अशासाठी, की विरोध करायला लेखी अर्ज लागला असता आणि तो त्यांनी व्याकरण तपासून परत पाठवला असता. नोटीस बोर्ड ही त्यांची दौलत. कुंडीत पाणी किती घालावं, जिन्यात कोणत्या बाजूने चालावं, सगळ्याची नोटीस. मध्यंतरी बी विंगमधल्या एका लग्नात वरातीचा घोडा आवारात आला आणि झेंड्याच्या खांबापाशी त्याने जे करायचं ते केलं. दुसऱ्या दिवशी नोटीस: 'यापुढे सोसायटीच्या आवारात घोडा आणण्यास सक्त मनाई आहे.'

असे हे साहेब एका दुपारी माझं शटर अर्धं खाली असताना वाकून आत आले.

"परब, माझ्या एका मित्राला ते... तुमच्याकडचं... हवंय."

"मित्र आलेत का सोबत?"

"ते परगावी असतात."

मी कपाट उघडलं. त्यांनी पहिलं उचललं, ठेवलं. "ह्यात वजन नाही." दुसरं उचललं. "हेही नाही." शेवटी सगळ्यात जड, काळं, पूर्ण धातूचं जे होतं, ते त्यांनी हातात घेतलं आणि बराच वेळ नुसतं धरून ठेवलं. नेम नाही, खटका नाही. नुसतं धरून.

"ऑफिसात माझ्या टेबलावर पितळेचा पेपरवेट होता, परब," ते म्हणाले. "मोठा. मी तो उचलून परत ठेवला की समोरचा माणूस बोलायचा थांबायचा. आता हातात टीव्हीचा रिमोट असतो. तोही ही काढून घेते."

मित्राची भानगड तिथेच संपली. मी भाषण केलं, त्यांनी समोरच्याचं निवेदन ऐकावं तसं ऐकलं. पिस्तूल घरी न्यायचं नाही, वहिनींना कळता कामा नये, दुकानातच राहील, अधूनमधून मागच्या दाराने येऊन ते डब्यावर नेम मारतील, असं ठरलं. मी म्हटलं, "निगा मात्र तुमची तुम्ही राखायची, साहेब. नवी कॅप्सूल घालताना एक थेंब तेल."

इथे मी माती खाल्ली. 'तेल' म्हणालो, कोणतं, ते सांगितलंच नाही. आमच्या धंद्यात तेल म्हणजे सिलिकॉनचं तेल, ते रबराला मानवतं आणि थंडीत गोठत नाही. पण मराठी माणसाच्या घरात तेल दोनच: कढईतलं गोडं आणि डोक्याचं खोबरेल. साहेबांनी विचार केला असणार, की वस्तू काही तळायची नाही. घरातून छोट्या डबीत खोबरेल आणलं आणि प्रत्येक कॅप्सूलला थेंब थेंब, अगदी शिस्तीत, लावत राहिले. मोठ्या माणसाला तपासून बघायचं कसं, म्हणून मी कधी बघितलं नाही.

उन्हाळाभर चाललं. पावसाळाभर चाललं. आणि डिसेंबर आला.

आमच्याकडची थंडी ती काय. पण सकाळी न्हाणीघरात खोबरेलाची बाटली पांढरी होते ना, तेवढी असते. त्यात आणखी एक गोष्ट: दाबलेला गॅस सुटला की स्वतःच गारठतो, आणि सोबत पिस्तूलही गारठवतो. त्या सकाळी साहेबांनी मागे येऊन कॅप्सूल घातली, डब्यावर नेम धरला, खटका दाबला. झडप उघडली. आतलं खोबरेल जागच्या जागी थिजलं. आणि झडप उघडी ती उघडीच राहिली.

जो आवाज झाला तो मी कारखान्यातसुद्धा ऐकलेला नव्हता. अख्खी कॅप्सूल त्या एवढ्याशा भोकातून किंचाळत बाहेर पडत होती. पांढरी वाफ पडद्यातून दुकानात, दुकानातून गेटवर. वरून कोणीतरी ओरडलं, "गॅस! गॅस लीक झाला!" आणि सगळ्या विंगा जिन्यांवरून खाली उतरल्या. कोण टॉवेलवर, कोण तोंडात ब्रश. एक बाई फक्त कुंडीतलं मनीप्लांट घेऊन धावत होत्या, नवरा मागे राहिला होता.

साहेबांनी पिस्तूल माझ्या हातात कोंबलं आणि मागच्या दाराने ते अंतर्धान पावले. मी ते घेऊन बाहेर आलो, कारण आत श्वास घेता येत नव्हता. पिस्तुलावर पांढरं दंव धरलेलं, सभोवार खोबरेलाचा घमघमाट. आणि गर्दीच्या पुढे, पार्किंगमधून वळसा घालून आलेले, केस नीट बसवलेले चेअरमन रणदिवे.

"कोणी घाबरू नका. शांतता राखा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "परब! हे काय चालवलंय तुम्ही?"

"साहेब, तेल," एवढंच मी म्हणालो.

अग्निशमन दलाची गाडी आली. जवानांनी पाहिलं, हसले, मला समज दिली. जाताजाता त्यांच्यातल्या एकाने हळूच विचारलं, "काका, आवाज नेहमी एवढाच येतो?"

दुसऱ्या दिवशी नोटीस. सर्वसाधारण सभा, विषय: 'गेटशेजारील गाळ्यातील शस्त्रसदृश वस्तूंची विक्री व गाळा रिकामा करून घेणेबाबत.' खाली सही रणदिव्यांची.

आता तुम्ही म्हणाल, सांगून का नाही टाकलं, की घोडा यांचा, तेल यांचं, नेम यांचा? नलिनीही तेच म्हणत होती, आणि जरा जास्त मोठ्याने. एक तर डॉक्टर पेशंटचं नाव चव्हाट्यावर आणत नाही, तसं मी गिऱ्हाइकाचं आणत नाही. हे झालं सभ्य कारण. दुसरं असं, की गाळ्याच्या करारावर चेअरमनची सही लागते. आणि तो गाळा गेला तर या वयात मी जाणार कुठे? दुसरीकडे दुकान मांडायची ताकद नाही. हवा कुठून निसटते ते ऐकण्यापलीकडे मला काही येत नाही, आणि हा कान ठेवायला जगात ते एकच टेबल होतं. मी गप्प बसलो आणि रोज थोडं थोडं, टूथपिकने, त्या पिस्तुलातलं खोबरेल कोरून काढत राहिलो.

साहेबांनी मला निक्षून बजावलं होतं, "आता आपण भेटायचं नाही. दुरुस्त झालं की वॉचमनकडून निरोप द्या. त्या वस्तूचं नाव घ्यायचं नाही." मी म्हटलं, "घोडा म्हणेन." साहेबांना सांकेतिक भाषा आवडली. कार्यालयीन गुप्तता पाळल्यासारखं वाटलं असेल.

आमच्या वॉचमनचं नाव रामसमुझ. नावात समज आहे.

याच दिवसांत साहेबांच्या घरात वेगळंच युद्ध चाललं होतं. मुलाचं लग्न ठरलेलं, आणि रणदिवे वहिनींना वरातीला घोडा हवा होता. त्यांचं आमचं स्वयंपाकघर एकाच डक्टवर उघडतं, त्यामुळे आम्हाला सगळं चहासोबत मिळायचं. "मिरजेला माझ्या माहेरी दारात टांगा असायचा. आणि माझा मुलगा कारमधनं उतरणार? बँकेत चाललाय का तो?" त्यावर साहेबांचा आवाज: "मीच नोटीस काढली आहे. मीच ती मोडू?" मग भांडी. बराच वेळ भांडी.

सभेच्या रविवारी सकाळी पिस्तूल तयार झालं. नवा वायसर, योग्य ते तेल. कॅप्सूल घालून चाचणी घेतली, सुरेख चाललं. साहेबांना लगेच डब्यावर मारून बघता यावं म्हणून गॅस आतच ठेवला. मनात आलं, आज गाळा गेला तर गिऱ्हाइकाची वस्तू आपल्याकडे अडकायला नको. गेटवर रामसमुझला गाठून म्हटलं, "साहब को बोलना, उनका घोडा तयार है. गॅस भरके रखा है. आजच घेऊन जा म्हणावं, नाहीतर वायसर फुगेल. और सुनो, गडबडीत नको सांगू. सब शांत होगा तब बोलना."

"जी काका," रामसमुझ म्हणाला. "सब शांत होगा तब."

सभा खाली, खांबांमधल्या मोकळ्या जागेत. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक माइक, समोरच्या रांगेत महिला मंडळ. मी शेवटच्या खुर्चीत, नलिनी शेजारी, आणि ती माझा हात इतका घट्ट धरून होती, की मला वाटलं प्रेमाने. नंतर कळलं, की मी बोलायला उठू नये म्हणून.

साहेब बोलायला उभे राहिले आणि छान बोलले. "शस्त्र ही वस्तू नसते, वृत्ती असते. जो माणूस खोटं पिस्तूल हातात घेतो, त्याच्या मनात खरी पोकळी असते." लोक माना डोलावत होते. मीही डोलावली, वाक्य पटलं होतं. "अशी पोकळी आपण आपल्या गेटवर विकू द्यायची का?" टाळ्या झाल्या. मग साहेबांनी मतदानासाठी हात वर करा म्हणण्याआधी एक क्षण थांबून सगळ्यांकडे पाहिलं. सगळं चिडीचूप झालं.

सगळं शांत झालेलं पाहून रामसमुझ पुढे आला.

"साहब," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "परबकाका बोले हैं, आपका घोड़ा तैयार है. गैस भर के रखा है. आज ही ले जाइए, नहीं तो वायसर फूल जाएगा."

साहेबांचा एक हात अर्धवट वर गेलेला होता, तो तिथेच राहिला. नलिनीची माझ्या हातावरची पकड सुटली, आणि ते जास्त भीतीचं होतं.

पहिल्या रांगेतून रणदिवे वहिनी सावकाश उभ्या राहिल्या.

"घोडा?" त्या म्हणाल्या. "अहो, म्हणजे तुम्ही घोडा ठरवलात? मग इतके दिवस माझ्याशी भांडत काय होतात?"

"अगं, तसं नाही..."

"नाही काय नाही! तो वॉचमन खोटं बोलतोय?"

तेवढ्यात बी विंगमधले घरत उठले. त्या नोटिशीनंतर झालेल्या त्यांच्या मुलीच्या लग्नात घोडा गेटवरून परत गेला होता. "वा, चेअरमनसाहेब! आमचा जावई गेटपासून चालत आला उन्हात. बूट चावले त्याला. आम्हाला नोटीस, आणि तुमच्या पोराला घोडा?"

"आणि गॅस भरून म्हणजे काय?" कोणीतरी मागून विचारलं.

मी खुर्चीत खाली सरकलो. पण वहिनींनी मागे वळूनही पाहिलं नाही. "घोड्याच्या पोटात गॅस होतो," त्या म्हणाल्या. "हरभरे जास्त झाले की भरतो. तुम्ही कधी घोडा ठेवलाय का? मग बसा."

तो बसला.

साहेब माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे. आयुष्यात पहिल्यांदाच आम्ही दोघं एकाच झडपेच्या दोन बाजूंना उभे होतो. घोडा नाही म्हणावं, तर मग काय तयार आहे, ते सांगावं लागणार. आत्ताच वृत्ती आणि पोकळी झालेली. घोडा आहे म्हणावं, तर स्वतःच्या हाताने लावलेली नोटीस स्वतःच्या गळ्यात. बिचाऱ्यांच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला.

"परब," ते शेवटी म्हणाले, आणि आवाज जरा चिरकला, "सांगा ना. घोडा."

मी उठलो. "हो. घोडा आहे. शिरवण्याला माझे ओळखीचे आहेत, त्यांच्याकडनं. एकदम देखणा. काळा." नलिनीने माझ्या पायावर पाय दिला. "म्हणजे पांढरा. काळा शेपटीला."

"हो," साहेब म्हणाले. "घोडा ठरवला आहे." आणि मटकन खाली बसले.

मग जे झालं ते भराभर झालं. घरतांनी ठराव मांडला, घोड्याची बंदी उठवावी. महिला मंडळाने एका सुरात पाठिंबा दिला. नोटीस तिथल्या तिथे बोर्डवरून निघाली. "आणि पहिल्या विषयाचं काय?" असं सेक्रेटरींनी विचारलं, तेव्हा साहेब पेलाभर पाणी प्यायले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "परब हे सोसायटीला... अडीअडचणीला उपयोगी पडणारे गृहस्थ आहेत. वेळेअभावी विषय स्थगित."

मी दुकानात गेलो आणि सगळ्यात आधी पिस्तुलातला गॅस सोडून दिला. वायसर तरी वाचला पाहिजे. मग जनूशेठना फोन लावला.

"जनूशेठ, एक घोडा पाहिजे."

"कनचा?" पलीकडून प्रश्न आला. "गॅसवरचा का गवतावरचा?"

घोडा मिळाला. पांढरा नव्हता, दुधात चहा सांडल्यासारखा होता, पण सभेत सांगितलेली शेपूट निदान काळी निघाली. लग्नाच्या दिवशी तो गेटवर आला, तेव्हा रामसमुझने मला बाजूला घेऊन अत्यंत अदबीने विचारलं, "काका, इसका गैस अभी चेक करना है कि बाद में?" नवरदेव वर चढला, बँड सुरू झाला, घोडा थोडा बिचकला, आणि मालक ओरडायच्या आत रणदिवे साहेबांनी पुढे होऊन लगाम धरला. घोडा मान झटकत होता, साहेब पाय रोवून उभे होते, आणि समोरची सगळी माणसं बोलायची थांबून त्यांच्याकडे पाहत होती. फोटोत साहेबांचा चेहरा बघण्यासारखा आलाय. पेपरवेट मिळालेल्या माणसाचा.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. पिस्तूल कपाटात पडून राहिलं. मी मधूनमधून काढतो, पुसतो, तेल घालतो. योग्य ते. खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटतं. आयुष्यातली चांगली वर्षं मी हवेवर चालणाऱ्या यंत्रांत घालवली, त्यातून निदान बिस्किटं तरी निघायची. आता ज्या वस्तू सांभाळतो, त्यातून काही निघत नाही. तरी माणसं ती धरायला येतात, आणि एखादा दुसऱ्या कशाला तरी धरायला लागला की येईनासा होतो. धंद्याच्या दृष्टीने हे नुकसानच म्हणायचं.

लग्नाची गडबड ओसरली आणि एका दुपारी शटर अर्धं खाली असताना कोणीतरी वाकून आत आलं. रणदिवे वहिनी.

"भाऊजी, ह्यांचा घोडा बघू."

मी म्हटलं, "तो जनूशेठकडे..."

"तो नव्हे. गॅसवरचा."

हातातला चिमटा मी खाली ठेवला. "वहिनी, तुम्हाला... कधीपासून?"

"खोबरेलाची डबी घरातनं अधूनमधून फिरायला जायला लागली, तेव्हापासून संशय होता. डोक्यावर केस किती आहेत ह्यांच्या? मग ती शिट्टी झाली, आणि खाली आले तर सगळीकडे माझ्याच तेलाचा वास. आणि सभेत तो वॉचमन म्हणाला ना, वायसर फुगेल म्हणून?" वहिनी हसल्या. "माझ्या माहेरी टांगा होता, भाऊजी. घोड्याला नाल असते, लगाम असतो, खोगीर असतं. वायसर नसतो, एवढं मला कळतं."

"मग तुम्ही सभेत..."

"मुलाला घोडा हवा होता मला. सरळ मागून मिळत नव्हता." त्यांनी पदर खोचला. "ह्यांना सांगायचं नाही हं. आणा इकडे. एवढं काय असतं त्यात, बघू तरी."

मी भाषण सुरू केलं, डोळ्याला लागलं तर वगैरे. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, चष्मा लावला, दोन्ही हातांनी पिस्तूल धरलं. डबा पहिल्याच छर्‍याला 'टण्ण' वाजला.

"जड आहे जरा," वहिनी म्हणाल्या. "ह्याच्यापेक्षा हलका घोडा नाही का तुमच्याकडे?"